केंब्रिजमधला सुपरव्हिजनचा तास

केंब्रिजला गणितात पीएच.डी. करताना मी पदवीच्या मुलांची सुपरव्हिजन घ्यायचो. खोलीत छोटा फळा, दोन विद्यार्थी आणि मी. तिथल्या शिक्षणाचा खरा जीव या तासाभरात आहे, असं माझं ठाम मत आहे.

व्याख्यानं, परीक्षा आणि पदवी ही विद्यापीठाची कामं. प्रवेश, राहायची खोली, जेवण आणि सुपरव्हिजन कॉलेजकडे. अशी कॉलेजं 31. सर्वांत जुनं पीटरहाउस, 1284 सालचं.

व्याख्यात्यानं दिलेला प्रश्नसंच मुलं सोडवून आधीच आणून देत. तपासताना चुकलेल्या उत्तरापेक्षा ‘हे उघड आहे’ असं लिहून पुढे सरकलेली ओळ मला जास्त अडवायची. एकीनं लिमिट आणि इंटिग्रल यांचा क्रम सहज उलटवला होता. ‘हे चालतं कशावरून?’ असं विचारून मी खडू तिच्या हातात दिला. ती अडली. मी मुद्दाम गप्प राहिलो. या कामात सगळ्यांत अवघड तेच. मग शेजारच्या मुलानं सुचवलं: शून्यापासून सुरू होणारा त्रिकोण घेऊ, उंची n, पाया 2/n. n वाढेल तसा तो उंच आणि अरुंद होतो. क्षेत्रफळ कायम 1, पण कुठल्याही एका बिंदूवर फलनाची किंमत शेवटी शून्यच. तिचा चेहरा उजळला आणि क्रम कोणत्या अटीवर उलटवता येईल, ते तिनं स्वतःच शोधायला घेतलं. वर्गात शंभर जणांत बसून हे घडत नाही.

ही मुलं गणिताच्या ज्या पदवी परीक्षेची तयारी करत, त्याच परीक्षेत 1899 साली सेंट जॉन्स कॉलेजचे रघुनाथ परांजपे संयुक्तपणे पहिले आले. तेव्हा गुणानुक्रम जाहीर होई. ती प्रथा 1909नंतर थांबली. 1890 मध्ये फिलिपा फॉसेट पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याच्याही वर होती, तरी तिला पदवी मिळाली नाही. केंब्रिजनं स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती 1948 पासून. हा अन्याय होता आणि तो फार उशिरा दूर झाला.

सत्र जेमतेम आठ आठवड्यांचं, त्यामुळे एक संच संपतो न संपतो तोच दुसरा. तिकडे जायची तयारी करणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं: अर्धवट सुचलेलं उत्तर मित्रांसमोर फळ्यावर मांडायची सवय इथूनच लावून घ्या.