गिअर पडला की नाही, हे हाताला कळायला हवं

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा दांडा पुढे ढकलून 'पी'वर, म्हणजे पार्कमध्ये नेला, की खट्ट असा झटका हाताला जाणवतो. दांड्याला जोडलेली केबल थेट गिअरबॉक्सपर्यंत जाते. तिथे एक पोलादी खुंटी दातेरी चाकात अडकते आणि गाडी जखडली जाते. दांडा कुठे आहे यावरून, न बघताही, गिअर कुठला ते समजतं.

आता अनेक गाड्यांत ही केबल उरलेली नाही. दांडा फक्त विजेचा संकेत देतो. त्यामुळे कंपन्यांना हवा तो आकार देता येऊ लागला. जॅग्वार एक्सएफ सुरू केली की गोल चकती वर उचलली जायची, मर्सिडीजने स्टिअरिंगमागे दांडी बसवली, होंडाने बटणं दिली. त्यातलं रिव्हर्सचं बटण दाबायचं नाही, मागे ओढायचं. ही युक्ती मला फार आवडते, कारण बोटांची हालचालच वेगळी होते.

घोळ झाला तो दर वेळी मधोमध परतणाऱ्या दांड्याने. 'पी' निवडा नाहीतर 'डी', हात काढला की तो आपल्या जागी. २०१४-१५च्या जीप ग्रँड चेरोकीत असा दांडा होता. गाडी पार्कमध्ये आहे असं समजून लोक उतरायचे आणि ती घरंगळायची. एप्रिल २०१६मध्ये फियाट क्रायस्लरने अशा सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोनच महिन्यांनी २७ वर्षांचा अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या उतारावर, घरंगळत आलेल्या स्वतःच्याच ग्रँड चेरोकी आणि विटांच्या खांबामध्ये चिरडला गेला.

दुरुस्तीत सॉफ्टवेअर बदललं: थांबलेल्या गाडीतून चालक पट्टा काढून दार उघडू लागला, की गाडी आपोआप 'पी'मध्ये जाते.