ब्रेक ऑइल पाणी पितं!

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे आमच्या आलापल्लीतल्या घराघरांत ठाऊक आहे. बॉनेटखालचं ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा असाच ओढतं. टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधून, गाडी नुसती उभी असली तरी!

मग बिघडतं काय? डॉट 4 दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा 155वर येते. डॉट 3ची 205वरून थेट 140वर! सागाच्या जंगलातून सिरोंचाकडे निघालात, पुढे भरलेला ट्रक, पाय सारखा ब्रेकवर. कॅलिपर तापतात, ऑइल उकळतं, वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल मऊ पडतं आणि सरळ तळाला जातं.

सुरुवातीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये चक्क एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण असायचं. आज बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल जातीचं रसायन असतं. टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं तर रबरी सील फुगतात आणि अख्खी यंत्रणा खोलावी लागते.

कुठलं घ्यायचं? टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. डॉट 3च्या गाडीत डॉट 4 चालतं, उलट करू नका. डॉट 5.1ही ग्लायकॉलचंच, पण नुसतं डॉट 5 म्हणजे सिलिकॉन. रंग जांभळा, बाकीच्यांत मिसळायचं नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचंच नाही. आकडे एवढे जवळचे आणि माल एवढा वेगळा, हे नामकरण मला धोकादायकच वाटतं.

पातळी खाली गेली म्हणून लगेच भरू नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, नाहीतर कुठेतरी गळती असते. आधी पॅड आणि चाकांच्या आतली बाजू बघा. गाडीच्या रंगावर ऑइलचा थेंब सांडला तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. ते गाडीचा रंग सोलून काढतं.

डबा लहान आणि सीलबंदच घ्या. महिनोन्‌महिने उघडा पडलेला अर्धा डबा दुकानदारानं फुकट दिला तरी नको. साधारण दर दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेव्हा, जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरायला आणि एअर काढायला मिस्त्रीला सांगा. आमच्या भागात हे काम पावसाळा संपल्यावर नव्हे, लागण्याआधी उरकून घ्या.