नेट चालू, फोन एंगेज

भागाच्या सुरुवातीला तो कर्कश आवाज ऐकून काहींनी हेडफोन काढले असतील. रेकॉर्डिंग बिघडलं नव्हतं. तो डायल-अप मॉडेमचा आवाज होता. मी नऊ-दहा वर्षांचा असताना पारगावच्या आमच्या घरात इंटरनेट असंच ओरडत यायचं.

आता हे ओरडणं कशासाठी? टेलिफोनची यंत्रणा उभी राहिली ती माणसाच्या बोलण्यासाठी. त्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले आवाज पलीकडे पोचतात. कॉम्प्युटरकडे मात्र असतात शून्य आणि एक. मग मॉडेम त्यांचा आवाज करायचा आणि पलीकडचा मॉडेम त्या आवाजाचे परत शून्य-एक. सुरुवातीची ती लांब शिट्टी २१०० हर्ट्झची. ती टेलिफोन यंत्रणेला सांगायची, ‘प्रतिध्वनी दाबणारी सोय बंद कर, इथे माणसं बोलत नाहीयेत.’ पुढची खरखर म्हणजे दोन्ही मॉडेम लाईन किती स्वच्छ आहे ते तपासून वेग ठरवायचे. ठरला की स्पीकर बंद.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अपचा वेग होता ९.६ केबीपीएस. आमच्या मॉडेमवर ५६ लिहिलेलं होतं, पण चाळीस मिळाला तरी आम्ही खूश. हिशोब करा: ४ एमबीचं एक गाणं म्हणजे तेरा-चौदा मिनिटं. मध्ये लाईन तुटली की पुन्हा शून्यापासून.

आणि मुख्य गोष्ट. नेट म्हणजे चालू असलेला फोन कॉलच. त्यामुळे नेट चालू तोपर्यंत घरचा फोन एंगेज.

२००६-०७ चा हंगाम. राज्यभर ऊस इतका झाला होता की तोडणीचा नंबर लागणं हाच मोठा प्रश्न. आप्पा रोज मुकादमाच्या फोनची वाट बघायचे. एका संध्याकाळी ते गोठ्यात होते. मी आणि चुलतभाऊ दादा गाणं उतरवत बसलो. दोनदा लाईन तुटली. ‘हे एकदा होऊ दे’ म्हणत तास गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, मुकादमानं तीन-चारदा फोन लावला होता. लागेना, म्हणून टोळी दुसऱ्याच्या फडात गेली.

आमचा नंबर परत लागला तीन आठवड्यांनी. तोवर उसाला तुरे आले होते, वजन घटलं होतं. आप्पा एका शब्दानंही बोलले नाहीत. कॉम्प्युटरची वायर काढली, फोनला लावली आणि हंगाम संपेपर्यंत ती तिथंच राहिली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते गाणं मी पुढे कधीच उतरवलं नाही.

नंतर ब्रॉडबँड आलं. तार तीच, पण डेटा बोलण्याच्या पट्ट्याच्या बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीवरून जायला लागला. मध्ये स्प्लिटर नावाची छोटी डबी लावली की फोन आणि नेट दोन्ही एकत्र चालू. ती डबी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मनात आलं, ही दोन वर्षं आधी यायला हवी होती. इंजिनिअरिंगला का गेलास असं कुणी विचारलं की मला तीच डबी आठवते.

आता तर सगळं उलटं झालंय. २०१६ मध्ये जिओ आलं आणि व्हीओएलटीई घरोघरी पोचलं. तुम्ही ‘हॅलो’ म्हणता, त्याचे डेटाचे तुकडे होऊन जातात. तेव्हा डेटा आवाज होऊन जायचा, आता आवाज डेटा होऊन जातो.

आप्पांकडे आता स्मार्टफोन आहे. पण तोडणीच्या दिवसांत ते अजून मला विचारतात, ‘तू नेट लावलंयस, माझा फोन लागेल ना?’

‘लागेल आप्पा,’ मी सांगतो. तरी एकदा त्यांना रिंग देऊन बघतोच.

भेटू पुढच्या भागात!