वाढलेल्या बिंबिकांकडेही पाहा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पावसाळ्याबरोबर डेंगीची धास्ती येते आणि 'प्लेटलेट्स किती आल्या?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. रक्तातील या बिंबिका घटल्या की नातेवाइकांची धावपळ उडते. वाढलेल्या असल्या तर मात्र अहवाल घडी घालून कपाटात ठेवला जातो. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

एका घनमिलिमीटर रक्तात साधारणपणे दीड ते चार लाख बिंबिका असतात. काही प्रयोगशाळा साडेचार लाखांपर्यंतचा आकडा प्राकृत मानतात. रक्त गोठविण्यास साहाय्य करणे हे त्यांचे मुख्य कार्य. कर्करोगाच्या रुग्णांत त्यांची संख्या वाढते, हे निरीक्षण १८७२ इतके जुने आहे. काही गाठींतून स्रवणाऱ्या द्रव्यामुळे यकृतातील एका संप्रेरकाची निर्मिती वाढते आणि अस्थिमज्जा अधिक बिंबिका तयार करू लागते, असे पुढे आढळून आले.

ब्रिटनमधील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये चाळीस व त्याहून अधिक वयाच्या सुमारे ४० हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिंबिका चार लाखांहून अधिक असलेल्या पुरुषांपैकी ११.६ टक्क्यांना व स्त्रियांपैकी ६.२ टक्क्यांना वर्षभरात कर्करोगाचे निदान झाले. त्यांत फुप्फुसाचा व मोठ्या आतड्याचा कर्करोग विशेष होता.

तथापि हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. लोहाची कमतरता, क्षय वा अन्य जंतुसंसर्ग यांमुळेही बिंबिका वाढतात आणि हे विकार आपल्या वस्त्यांत सर्रास आढळतात. उलटपक्षी, बिंबिका प्राकृत आहेत म्हणून कर्करोग नाही, असेही म्हणता येत नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील न भरणारी जखम डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे, मग रक्ताचा अहवाल काहीही सांगो.

यासाठी निराळ्या, खर्चिक तपासणीची गरज नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत हा आकडा असतोच. चाळिशी उलटलेल्या व्यक्तीचा आकडा वाढलेला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो पुन्हा तपासून घ्यावा. तो चढाच राहिला आणि लोहाची कमतरता वा संसर्ग आढळला नाही, तर पुढील तपासण्यांविषयी स्पष्टपणे विचारावे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे आणि बदलापूरहून तेथे लोकलने जाता येते. प्रश्न आहे तो रुग्ण तेथे वेळेवर पोहोचण्याचा.