महाडमधलं जुनं घर: दलाली नको, पाहणी विका



महाड-पोलादपूरकडचे बरेच जण विचारतात, "बांधकामाची माहिती आहे, भांडवल नाही. धंदा कोणता करू?"

महाडच्या जुन्या आळ्यांतून एकदा चालत जा. कुलूप लागलेली कौलारू घरं दिसतील. मालक मुंबईला, वारस चार ठिकाणी. आणि एमआयडीसीत कामाला जाणारं कुटुंब भाड्याच्या खोलीत. त्यांना नवा फ्लॅट परवडत नाही, जुनं घर घ्यायची भीती वाटते. ती भीती तपासून देणं, हा तुमचा धंदा.

भीती खोटी नाही बरं का. 22 जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले. पण नवं म्हणजे मजबूत असंही नाही. 24 ऑगस्ट 2020 ला कोसळलेली पाच मजली तारिक गार्डन काही जुनी नव्हती. 16 माणसं गेली. वय नको, सांगाडा बघा.

सुतार आणि गवंडी सोबत न्या. वाशांत, आढ्याच्या टोकाला सुरी टोचा, वाळवी लगेच कळते. पाणी कुठवर चढलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. मालक दोन हात कमीच सांगतो! पूररेषेचं नगरपालिकेत विचारल्याशिवाय इसार देऊ देऊ नका. पोलादपूरकडे घरामागचा डोंगर बघा, 2021 ला तालुक्यात केवनाळ्याला दरड कोसळली होती. मग प्रॉपर्टी कार्ड. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागणार. हा शोध वकिलाकडूनच घ्या, इथे काटकसर नको.

पैशांचं बघू. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नाही, अशा कुटुंबाला प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 मध्ये गृहकर्जाच्या पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज अनुदान आहे, जास्तीत जास्त 1.80 लाख. अट: घर 35 लाखांपर्यंतचं, कर्ज 25 लाखांपर्यंतचं. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

फी फक्त घेणाऱ्याकडून घ्या. विकणाऱ्याकडूनही घेतलीत, की तुमच्या पाहणीवर कोण विश्वास ठेवणार? सौदा झाला तर दुरुस्तीचं काम तुमचंच. दिवाळीनंतर सुरू करा. आधी छप्पर, मग भिंती आणि वायरिंग, रंग सगळ्यात शेवटी. मे संपायच्या आत कौलं बसलेली हवीत.

आणि घर नापास झालं तर? "घेऊ नका" असं कागदावर लिहून द्या आणि ठरलेली फी घ्या. दागिने मोडून जमवलेले त्यांचे पैसे वाचले, फी त्याचीच आहे.