चाकांवरच्या घरात हिवाळा

मोटारीमागे जोडून ओढून न्यावयाचे चाकांवरचे घर, म्हणजेच ट्रेलर, हे अमेरिकेत प्रामुख्याने उन्हाळी सहलीचे साधन होय. परंतु कधीकधी त्यातच हिवाळा काढण्याची पाळी येते. २०१० च्या सुमारास उत्तर डाकोटा राज्यातील विलिस्टन परिसरात खनिज तेलाच्या उत्पादनाला उधाण आले, तेव्हा कामगारांना घरे पुरेनात आणि अनेकांनी ट्रेलरमध्येच बिऱ्हाड केले. तेथे हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो. अशा ठिकाणी ट्रेलरची निवड चुकली तर जिवावर बेतते.

'चारही ऋतूंसाठी' अशी जाहिरात विक्रेते सर्रास करतात. तिच्यामागे काटेकोर मोजमाप असतेच असे नाही. जाहिरात वाचण्यापेक्षा ग्राहकाने गाडीच्या तळाशी वाकून पाहिलेले बरे. जमिनीवरच्या घराला भुईचा आधार असतो. ट्रेलरच्या खालून मात्र वारा वाहतो, आणि पाण्याच्या टाक्या, नळ व सांडपाण्याचे व्हॉल्व बहुधा तेथेच असतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. नळ फुटल्याचे कळते ते बर्फ वितळल्यावर! म्हणून तळ बंदिस्त असावा आणि हीटरच्या गरम हवेची एक नळी तेथपर्यंत नेलेली असावी. नुसता पत्रा ठोकून भागत नाही. दीर्घ मुक्कामात गाडीभोवती जमिनीपर्यंत फळ्या किंवा जाड ताडपत्री लावून वारा अडवितात.

भिंतींचा सांगाडाही पाहावा. अ‍ॅल्युमिनियम हलके खरे, परंतु लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने ते उष्णता वाहून नेते. जेथे पट्टी, तेथे आतून पाणी धरते. खिडक्यांना दुहेरी काच असणे हिताचे.

ओलीचा प्रश्न थंडीइतकाच बिकट आहे. एक किलो प्रोपेन जळाला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे उबेसाठी शेगडी पेटविणे सर्वस्वी अयोग्य. शिवाय कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. जळालेली हवा धुराड्यावाटे बाहेर टाकणारा हीटर आणि त्या वायूची सूचना देणारी घंटा, या दोन बाबतीत काटकसर करू नये. कडाक्याच्या थंडीतही छतावरची झडप किंचित उघडी ठेवावी लागते.

इंधनाचीही एक गोम आहे. ब्यूटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते, प्रोपेनची मात्र उणे ४२ अंशांपर्यंत होत राहते. आपल्याकडील स्वयंपाकाच्या गॅसमध्ये या दोहोंचे मिश्रण असते. तिकडे निव्वळ प्रोपेनच हवा. त्यातच हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो आणि थंडीत बॅटरीची क्षमता घटते. सिलिंडर भरलेले असूनही घर गार पडते ते यामुळे. जेथे विजेची जोडणी मिळेल अशीच मुक्कामाची जागा धरावी.

ट्रेलर विकत घेण्यापूर्वी तो थंडीच्या पहाटे, हीटर तासभर चालल्यावर पाहावा, आणि पलंगामागच्या कोपऱ्यांत व कपाटांच्या आत हात फिरवून पाहावा.