चाळीस वार

काकांची दुनळी बंदूक यंदा सरकारजमा झाली. दर निवडणुकीला ठाण्यात नेऊन ठेवा, पावती सांभाळा, मग सोडवून आणा. वारसांपैकी कुणालाच तो ताप नको होता. घरात सुटकेचा निःश्वास. मला मात्र चुटपूट लागली.

साहेबांच्या आणि शिकार कंपन्यांच्या जमान्यात मी रेंगाळणार नाही. मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेल्या फोटोंत शिकण्यासारखं होतं काय? १९७० साली वाघाची शिकार बंद झाली, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला. फार बरं झालं.

माझं दशक ऐंशीचं. छोट्या शिकारीचा परवाना अजून मिळत असे. तितरांवर निघण्याआधी काका वावरात तट्टा उभा करत, त्यावर खळीने जुनी वर्तमानपत्रं डकवत. चाळीस वार मोजून एक बार. मग कागदावर जिथे भोकं सर्वांत दाट, तो मध्य धरून पंधरा इंचांच्या सुतळीने कोळशाचं वर्तुळ. वर्तुळ आधी काढून त्यावर नेम धरायचा नाही. छरे कुठे जातात ते बंदुकीलाच सांगू द्यायचं. भोकं मोजायचं काम माझं.

ब्रिटिश मापाने सहा नंबरचे औंसभर छरे म्हणजे साधारण २७०. डावी नळी तोंडाशी पुरती आवळलेली. तिचे शंभरातले सत्तर वर्तुळात यायला हवेत. उजवी मोकळी, तिचे चाळीसच. पण काकांचं लक्ष आकड्यापेक्षा रिकाम्या जागांवर. तितराएवढी जागा कोरी दिसली की म्हणत, "हे पाय, इथून पाखरू जखमी होऊन जाते अन् झुडपात मरते. चाळीस वारांच्या पुढं गेलं तं सोडून द्याचं." खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसंसुद्धा नवा डबा आला की पुन्हा कागदावर तपासली जात. मला घोडा ओढू दिला नाही तो नाहीच. माझी हौस पुढे एनसीसीत पॉइंट टू टू रायफलीवर भागली.

त्याच काळात जीपवर झोतदिवा लावून रात्री हिंडणारे बहाद्दरही होते. कागदावर कधी एक बार टाकला नाही, पण चौकात ऐंशी वारांवरून पाडलेल्या पाखरांच्या गप्पा. बंदी आली ती त्यांच्यासारख्यांमुळे, असं मी आजही म्हणतो. १९९१ च्या दुरुस्तीने छोट्या शिकारीचे परवानेही संपले. काकांनी तक्रार केली नाही, तट्टा चुलीत घातला.

काकांच्या तट्ट्यावरचा तो कागद अमेरिकेत मात्र अजून दिसतो. तिथे पोरांना टर्कीच्या शिकारीसाठी वेगळे दिवस राखलेले असतात. धक्का कमी म्हणून हातात बहुधा वीस बोअरची बंदूक, आणि आधी टर्कीचं डोकं-मान छापलेल्या कागदावर बार. तिथली शिकारीची हौस मला नको, तो कागद मात्र हवा.

कारण आमच्याकडे मारणं थांबलं कुठे? रोही (नीलगायी) आणि डुकरं तूर-हरभरा झोपवतात, शेतकरी रात्रभर जागलीला. त्याचा राग खराच. पण कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला डुक्कर, वाघ, शेजारचा गडी, सगळे सारखेच. बोरचं वाघांचं जंगल याच वर्धा जिल्ह्यात आहे, हे तार जोडताना कोण आठवतो? आमच्या पुलगावला तर अंगणात लष्कराचं एवढं मोठं दारूगोळा भांडार. तिथल्या ३१ मे २०१६ च्या आगीनंतर निष्काळजीपणाची किंमत या गावाला वेगळी सांगायला नको.

पिकं खाणाऱ्या जनावरांना मारायची परवानगी आता कागदपत्रं करून मिळते. अर्ज, पंचनामा, दाखला, सगळं मागतात. नेमाचं कुणी विचारत नाही. डुकरासाठी लागणाऱ्या एसजी काडतुसात औंसाला आठच गोळ्या. त्या चाळीस वारांवर किती फाकतात, हे अर्जदाराने आधी तट्ट्यावर दाखवावं आणि भोकं तलाठ्याने मोजावीत.